बत्तीस नंबरचा कोरडा तुकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे घासूबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. जी बाई आठ वर्षं सकाळपासून संध्याकाळपर्यंत रबराचे तुकडे घासत बसते, तिला माणसांनी दुसरं म्हणावं तरी काय? तिच्या टेबलावर एक यंत्र होतं. खाली पोलादी तबकडी, वर आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला माणसाच्या कातडीसारखी मऊ गादी. तबकडीवर कंडोमच्या रबराचा चौकोनी तुकडा बसवायचा, गादी त्यावर टेकवायची आणि बटण दाबायचं. मग गादी पुढे-मागे, पुढे-मागे, हजार फेरे. किती जोर लागतो ते शेजारच्या पडद्यावर रेघ होऊन उमटे. रेघ खाली म्हणजे गुळगुळीत, रेघ वर म्हणजे खरखरीत.

बाजारात मिळतात त्या कंडोमवर वंगण चोपडलेलं असतं. त्याची रेघ सुरुवातीला छान खाली असायची आणि दीडशे-दोनशे फेऱ्यांनंतर वर चढायला लागायची. वंगण पुसलं जायचं, नाहीतर कडेला ओघळायचं. घासूबाईचा लेप तसा नव्हता. निळ्या दिव्याखाली धरला की तो रबराशी एकजीव व्हायचा. कोरडा असताना दिसतही नसे. पाणी लागलं की ते धरून ठेवायचा आणि ओल्या साबणासारखा निसरडा व्हायचा. मग हजार फेरे होवोत की दोन हजार, रेघ जागची हलायची नाही. हा लेप आयता हाती आला नव्हता. तीनशेच्या वर लेप करून बघून झाले होते. काही सोलून निघाले, काहींनी रबरच कुजवलं, एकाला तर मेलेल्या उंदरासारखा वास यायचा.

गुरुवारी समितीची बैठक होती. पाच माणसं येणार, अहवाल बघणार, आणि त्यांनी मान हलवली की शंभर जोडप्यांना हे कंडोम घरी वापरायला द्यायचे. आठ वर्षांत पहिल्यांदा तिची वस्तू तबकडीवरून माणसांत जाणार होती. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांना जूनमध्ये निवृत्त व्हायचं होतं, त्यांचाही जीव त्या बैठकीत अडकला होता.

"घासूबाई, यंत्राची कातडी सोललीत इतकी वर्षं," यंत्र सांभाळणारा मेकॅनिक म्हणायचा, "आता समितीची सोला."

ती हसायची. पण या कामात ती का पडली, हे तिने मेकॅनिकला सांगितलं नव्हतं, सरांनाही नाही.

तिचा दादा पूल बांधणाऱ्या कंपनीत क्रेन चालवायचा. सहा महिने बाहेर, पंधरा दिवस घरी. बारा वर्षांपूर्वी तो गेला. बाहेरून आजार घेऊन आला होता. तो कुठून येतो आणि कसा येतो हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कुणी मोठ्याने म्हणत नाही. तो दवाखान्यात पडलेला असतानाच वहिनीची तपासणी झाली, तर तिलाही तेच. मुलगी तेवढी सुटली. तपासणीचा कागद हातात घेऊन घासूबाई दादाच्या खाटेशी गेली होती आणि म्हणाली होती, "स्वतःचं केलंस ते केलंस. तिला का रे दिलंस? चिमूटभर रबराची वस्तू, तेवढी वापरता आली नाही तुला?" दादाने तिच्याकडे बघितलं. मग तो भिंतीकडे वळला. चौथ्या दिवशी संपला.

त्या वळण्याचा अर्थ तिने एकच लावला. उत्तर नाही, म्हणून तोंड लपवतोय. त्यानंतर तिने घरात त्याचं नाव काढलं नाही, त्याचा फोटो लावला नाही. नातेवाईक त्याला शिव्या घालत तेव्हा ती गप्प बसे, पण मनातून त्यांच्याच बाजूला असे. वहिनीला मात्र तिने आपल्या घरी आणलं. मुलगी शिकून परगावी गेली, लग्न होऊन तिथलीच झाली, आणि या दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिल्या. रोज सकाळी नऊच्या आधी पाण्याचा पेला आणि गोळी ती स्वतः वहिनीच्या शिलाई मशीनशेजारी ठेवून बाहेर पडे. वहिनी एका दुकानासाठी चेन बसवून द्यायची, शिवणी उसवून पुन्हा घालून द्यायची. दोघींचं भांडण असं कधी झालं नाही. बारा वर्षांत आवाज चढला नाही, ही गोष्ट घासूबाई अभिमानाने सांगायची. तशी ती अभिमानाची होती की नाही, देव जाणे.

समितीच्या अहवालात यंत्राचे आकडे पुरत नाहीत, माणसांच्या बोटांचं मतही लागतं. त्यासाठी बत्तीस जण हवे होते. माणूस समोर बसवायचा, त्याच्यापुढे तीन तुकडे ठेवायचे, साधा, वंगणाचा आणि लेपाचा, कुठला कोणता ते सांगायचं नाही, आणि बोटांनी चोळून कुठला बरा ते विचारायचं. पुरुष पटापट मिळाले, जरा जास्तच पटापट. तरुण मुलीही आल्या. चाळिशीच्या पुढच्या बायका म्हटलं की मात्र सगळ्यांना अचानक कामं निघत. सोमवारपर्यंत एकतीस झाले आणि एक जागा राहिली.

"वहिनी, तुम्ही याल?" तिने जेवताना विचारलं. "कुणी काही खाजगी विचारणार नाही. नाव लिहायचं नाही, नंबर असतो. नुसतं बोटांनी चोळून सांगायचं."

वहिनीने आधी तिच्याकडे बघितलं, मग ताटाकडे. "या वयात मला कंडोम चोळायला नेताय? दुकानात कळलं तर माझ्याकडे कुणी चेन द्यायचं नाही."

"तुमच्या बोटांना कापड कळतं. तुमच्यासारखं मला कुणी मिळणार नाही."

"कापडाचं कळतं हो," वहिनी म्हणाली. तिने ताटातला घास संपवला. मग म्हणाली, "येते. तुमची एवढ्या वर्षांची मेहनत आहे, बघू तरी काय केलंत ते."

मंगळवारी दुपारी वहिनी चाचणीच्या खोलीत खुर्चीवर बसली. खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, कोमट पाण्याचं भांडं आणि पांढरा दिवा. घासूबाईने चिमट्याने पहिला तुकडा उचलला, पाण्यात बुडवला, घड्याळात बघून तीस सेकंद मोजले आणि वहिनीच्या बशीत ठेवला. वहिनीने अंगठा आणि बोट यांत तो धरला, चोळला, डोळे मिटले. दुसरा. तिसरा. तिसरा हातात येताच तिचं तोंड जरा उघडं राहिलं.

"हा तुमचा."

"ते मी सांगायचं नसतं."

"नका सांगू. हाच आहे. काय सुंदर झालंय!" वहिनी हसली. आठ वर्षांत सरांनीही इतक्या सरळ शब्दांत कौतुक केलं नव्हतं. ती फॉर्म भरायला लागली, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "पण तुम्ही हे आधी पाण्यात का बुडवता?"

"पद्धत आहे तशी."

"पाकिटातून काढल्यावर कुणी बुडवणार आहे का? मला एक कोरडा द्या."

नियमात ते नव्हतं. पण तिने दिला. नाही म्हणायला कारण सुचलं नाही, एवढंच. वहिनीने कोरडा तुकडा घेतला आणि बोट फिरवलं. बोट अडकलं. तिने पुन्हा जोर लावला. रबर बोटाबरोबर ओढलं गेलं, सुरकुतलं आणि सुटलं. नवीन रेक्झिनवर घामट हात फिरवावा तसा आवाज झाला. वहिनीने तुकडा बशीत ठेवला आणि हात मांडीवर घेतला.

"हे ओढतंय, वन्सं. साध्यापेक्षा जास्त ओढतंय."

"ओल लागली की होतं गुळगुळीत. आणि शरीरात ओल असतेच."

"सगळ्यांच्या नसते," वहिनी म्हणाली. हे तिने इतक्या हळू म्हटलं की घासूबाईला ते ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. "हे दुखणार. चला, तुमचं काम झालं असेल तर निघू."

त्या दिवशी दोघी बरोबरच घरी निघाल्या. बसथांब्यावर बाकावर बसल्या. समोर टायरचं दुकान होतं आणि तिथला माणूस एका चाकातली हवा बघत होता. घासूबाईच्या कपाळाला आठ्या होत्या. शेवटच्या क्षणी कुणी आपल्या दुधात मिठाचा खडा टाकावा, तसं तिला झालं होतं.

"रागावलात?" वहिनीने विचारलं.

"नाही. पण इतक्या खात्रीने कसं म्हणालात, दुखणार म्हणून?"

"आता हे तुम्ही मला विचारायचं?" वहिनी म्हणाली. "तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे. ह्यांनी सांगितलं होतं ना तुम्हाला."

घासूबाईने मान वळवून तिच्याकडे बघितलं. वहिनी टायरवाल्याकडे बघत बोलत होती, जणू ठाऊक असलेलीच गोष्ट पुन्हा चाळत होती.

"पोरगी झाली तेव्हा टाके पडले, ते काही नीट बसले नाहीत. त्यानंतर अंग कधी पहिल्यासारखं झालंच नाही. हे यायचे सहा महिन्यांनी. मनातून आनंद असायचा हो, पण अंग कोरडंठाक. तसंही दुखायचंच. मग एका खेपेला ते ती पाकिटं घेऊन आले. कामावर डॉक्टरने वाटली म्हणाले. नुसतं कोरडं रबर, वंगणबिंगण काही नाही. दोनदा वापरली. वन्सं, आग आग व्हायची. दोन-दोन दिवस मला धड बसता यायचं नाही. तिसऱ्यांदा मी हात झटकला. म्हटलं, हे घालून माझ्याजवळ यायचं नाही, मी काय बाहेरची आहे का?"

"मग?"

"मग काय? ठेवून दिलं. पुढच्या खेपेला पुन्हा काढलं, मी पुन्हा नाही म्हटलं. चार वर्षं असंच. मी का म्हणून विचारलं नाही आणि त्यांनी का म्हणून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दात-ओठ खाऊन सोसलं असतं मी. पण त्यांची जीभ रेटली नाही. कसं सांगणार? सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं."

बस आली आणि गेली. दोघी उठल्या नाहीत.

"दवाखान्यात मी त्यांच्या पाया पडले होते," वहिनी पुढे म्हणाली. "म्हटलं, घरचे सगळे तुम्हाला नावं ठेवतायत, की बायकोलाही सोडलं नाही. मी सांगते त्यांना, माझ्यामुळे झालं ते. तर म्हणाले, कुणाला काही सांगायचं नाही. फक्त धाकटीला मी सांगितलंय सगळं. ती रागावली नाही, ती तुला सांभाळेल. आणि तुम्ही सांभाळलंत. बारा वर्षांत माझ्यासमोर त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाहीत. मी रोज मनात म्हणते, हिला ठाऊक आहे आणि तरी हिने मला ठेवून घेतलंय."

घासूबाईला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने वाकडा शब्द काढला नाही, तो रागाने, आणि या बाईने त्याला माया समजून त्यावर बारा वर्षं काढली. पुढची बस आली तेव्हा ती उठली, वहिनीला आधी चढू दिलं, आणि घरी पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

बुधवारी सकाळी तिने पाण्याचा पेला आणि गोळी ठेवली नाही. विसरली नव्हती. ठेवावीशी वाटली नाही. दादाने प्रयत्न केला होता. मरणाच्या दारात पडलेल्या सख्ख्या भावाला ती टाकून बोलली, तो एक वाक्य उच्चारून सुटू शकला असता, आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. कुणासाठी? या बाईसाठी, जी नाही म्हणाली आणि मग सगळ्यांसमोर मूग गिळून बसली. घासूबाईला खरोखर, मनापासून, वहिनी खोटं बोलत असावी असं वाटत होतं. इतकी काय आग होणार आहे? बाया नाटकं करतात. हे असं तिच्या मनात आलं, आणि आलं म्हणून ती स्वतःवरच चिडली, पण ते गेलं नाही.

खोटं आहे की खरं हे बघायला तिच्याकडे यंत्र होतं. प्रयोगशाळेत कुणी यायच्या आत तिने लेपाचा तुकडा तबकडीवर बसवला, तोही पाणी न घालता. गादी सुरू झाली, दोन फेऱ्यांत अडकली, दांडा थरथरला आणि यंत्र बंद पडलं.

"अहो, काय करताय!" मेकॅनिक पिशवी खांद्यावर घेऊनच धावत आला. "कोरडं चालवू नका. गादी फाटते. मीच नाही का सांगितलं होतं तुम्हाला पहिल्या वर्षी? म्हणून तर तुम्ही बुडवायला लागलात."

तिला आठवलं. पहिल्या वर्षी तीन गाद्या फाटल्या होत्या, चौथी यायला दोन महिने लागणार होते, म्हणून मेकॅनिक म्हणाला, तुकडा बुडवूनच देत जा. तिने वहीत लिहिलं, 'पायरी पहिली: तुकडा कोमट पाण्यात तीस सेकंद बुडवावा.' पुढे वही गेली, छापील पद्धत आली. कारण गळालं, पायरी राहिली. बोटांच्या चाचणीसाठीही तिने तीच पायरी डोळे झाकून उचलली. यंत्राची कातडी वाचवायला काढलेली युक्ती, आणि तिच्यावर आठ वर्षांचे आकडे उभे होते.

"मला कोरडंच चालवायचंय," ती म्हणाली. "गाद्या फाटू देत."

दुपारपर्यंत अकरा तुकडे झाले आणि चार गाद्या गेल्या. मेकॅनिकने दाब कमी करून, वेग कमी करून कसंबसं यंत्र रेटलं. अकराही वेळा पडद्यावर तेच. पहिले चाळीस फेरे रेघ उभीच्या उभी वर. लेप नसलेल्या साध्या रबरापेक्षाही वर, दुपटीने. मग थेंब-थेंब ओल सोडली की ती हळूहळू उतरायची आणि पुढे झकास. पण आधी ते चाळीस. तिने शेवटच्या फाटलेल्या गादीवरून बोट फिरवलं. मधोमध लांबट चीर पडली होती, कडा उचकटल्या होत्या. ती चीर बघून ती खाली स्टुलावर बसली. यंत्राने वहिनीची बाजू घेतली होती, आणि कापसासारखी मऊ गादी दोन-तीन तुकड्यांत अशी होते तर जिवंत माणसाचं काय झालं असेल, हे तिला आता कुणी समजावून सांगायला नको होतं. तिला रडू आलं. मेकॅनिक तिथेच उभा होता, तो उगीच पाना पुसत राहिला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शरीरात ओल असते. आपला लेप तीच तर धरून ठेवतो."

"जिच्या अंगात ती असते, तिचं आपल्यावाचून फारसं अडत नाही, सर. जिच्यात नाही, तीच नको म्हणते."

"पाकिटावर सूचना लिहू. आधी पाण्याने ओलं करा."

"त्या वेळी कोण उठून पाणी आणणार?"

सर चिडले. आठ वर्षांत पहिल्यांदा चिडले. "उद्या बैठक आहे. आकडे खोटे नाहीत. पद्धत लिहिलेली आहे, तीस सेकंद बुडवलं हे आपण लपवलेलं नाही. समितीने विचारलं तर सांगू. उद्या हे मांडलंत तर वर्ष जाईल, आणि माझ्याकडे वर्ष नाही." मग आवाज उतरला. "तुम्हीच ठरवा. मी काही तुमचं तोंड धरणार नाही."

गुरुवारी ती समितीपुढे बोलायला उभी राहिली. तिने आधी खाली असलेली रेघ दाखवली. समितीतल्या डॉक्टरीणबाई कौतुकाने मान हलवू लागल्या. मग तिने कोरड्या तुकड्यांची रेघ दाखवली आणि खोलीतल्या माना हलायच्या थांबल्या.

"बोटांच्या चाचणीत कुणी तक्रार केली का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकीने. बत्तीस नंबरने."

"एकतीस जण उत्तम म्हणतात आणि एकीसाठी थांबायचं?"

"एकतीस जणांना मी ओला तुकडा दिला होता."

"मग बत्तीस नंबरला कोरडा का दिलात?"

"तिने मागितला," घासूबाई म्हणाली. "मी स्वतःहून दिला नव्हता. मला सुचलाच नव्हता."

ती पुढे म्हणाली, "जोडप्यांना हे असं दिलं तर एकदा वापरतील. ज्यांना दुखेल ती परत वापरणार नाहीत, आणि का ते सांगणारही नाहीत. आपल्याला वाटेल, माणसं बेफिकीर आहेत."

शेवटी सर उठले. ते तिला खाली बसवतील असं तिला वाटलं. ते म्हणाले, "ती पायरी यांनी लिहिली असली तरी खाली सही माझी आहे. चाचणी पुढे ढकलावी. लेपावरून थोडं वंगणही लागेल, पहिल्या चाळीस फेऱ्यांपुरतं. ते आम्ही करू." आणि बसले. समितीने वर्षभराने या म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर सर सरळ आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

ती घरी आली तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती. वहिनी मशीनपाशी नव्हती. पलंगावर उघडी बॅग होती आणि वहिनी त्यात कपड्यांच्या घड्या ठेवत होती.

"कुठे निघालात?"

"पोरीकडे जाते चार दिवस. नाहीतर जास्त." वहिनीने वर बघितलं नाही. "काय झालं बैठकीत?"

"वर्षभर पुढे गेलं."

"माझ्यामुळे."

"माझ्यामुळे. मी बुडवत होते."

वहिनीने हातातली घडी मोडली, पुन्हा घातली. "दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, वन्सं. सकाळची गोळी ठेवली नाहीत. त्या गोळीचं काही नाही, माझी मी घेतली. पण मग मी बसून विचार केला. त्या दिवशी बाकावर तुमचं तोंड बघितलं होतं मी. ठाऊक असलेलं ऐकताना माणसाचं तोंड तसं होत नाही." आता तिने वर बघितलं. डोळे कोरडे होते आणि फार थकलेले. "खरं सांगा. ह्यांनी सांगितलं होतं ना तुम्हाला? की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले ते?"

घासूबाई दारातच उभी होती. आजच सकाळी पाच परक्या माणसांसमोर तिने आपलं आठ वर्षांचं काम खऱ्यासाठी मोडून ठेवलं होतं. खरं बोलायची जीभ अजून गरम होती. दादा खोटं बोलला होता, आणि ते खोटं बोलताना त्याने धाकट्या बहिणीला ती होती त्याहून मोठं करून ठेवलं होतं. जी त्याला टाकून बोलली तिच्याबद्दल तो म्हणाला, ती रागावली नाही.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. पाकिटं आणायचा ते, तुम्ही नाही म्हणालात ते. बाकावर मी कामाच्या काळजीत होते, तोंड त्यामुळे तसं झालं असेल."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. घासूबाईने नजर हलवली नाही. खोटं बोलताना नजर हलवायची नसते, एवढं तिलाही कळत होतं.

"मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?" वहिनीने विचारलं.

काय म्हणाली होती ते तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. बारा वर्षं आठवत होतं. ती पलंगापाशी आली आणि बॅगेच्या बाजूला बसली.

"मी म्हटलं, दुखत असेल रे तिला."

वहिनी तिच्याशेजारी बसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडू लागली. दादा गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. घासूबाई तिच्या पाठीवर हात ठेवून तशीच बसून राहिली. मग तिने बॅगेतले कपडे एकेक करून काढले आणि कपाटात ठेवले.